वकिलांची एक वंशावळ

शिवालिकच्या पायथ्याशी, कालक्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, चंडीदेवीचे जुने देऊळ आहे. त्या देवळावरून भोवतालच्या वस्तीला चंडीमंदिर हे नाव पडले. फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबसाठी नवी राजधानी वसवायची ठरली, तेव्हा तिचे चंडीगड हे नावही याच देवीकडून आले. आता चंडीमंदिर म्हटले की उत्तरेत कुणालाही आधी छावणी आठवते. सैन्याच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय 1985 साली सिमल्याहून इथे हलले आणि बदलीच्या निमित्ताने मराठी फौजी कुटुंबांनाही हे नाव ओळखीचे झाले. देऊळ आणि छावणी हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात आहेत. देवीच्या नावाचे शहर मात्र केंद्राच्या ताब्यात, आणि त्याच शहरात पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांच्या विधानसभा आणि दोघांचे मिळून एक उच्च न्यायालय.

या शहराच्या राजभवनात दोन मराठी वकील राहून गेले. नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ 1958 ते 1962 या काळात पंजाबचे राज्यपाल होते. शिवराज पाटील चाकूरकर 2010 ते 2015 या काळात राज्यपाल आणि त्याचबरोबर चंडीगडचे प्रशासक होते. गाडगिळांनी सनद घेतली पुण्यात, पाटलांनी वकिली केली लातुरात. दोघेही आधी संसदेत मुरले आणि मग इकडे आले. त्यांना इथवर आणणारी वाट त्यांच्या आधी किमान तीन पिढ्या मळलेली होती. ती कुणी आणि कशी पाडली हे पाहिले, तर महाराष्ट्रातल्या लोकशाहीची एक बाजू उलगडते. राजकारणाचा इतिहास लिहिताना आपण ती बाजू फार घाईने ओलांडतो.

एल्फिन्स्टनच्या काळात, 1827 साली, मुंबई इलाख्याचे कायदे एका संहितेत बांधले गेले. जिल्ह्याजिल्ह्यांत दिवाणी कोर्टे बसली आणि त्यांच्यासमोर उभे राहण्याची सनद असलेला वकील हा नवा माणूस गावात दिसू लागला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणत आलो. तरीही शेतीच्या बांधावरून, सावकाराच्या खतावरून, दत्तकावरून आणि वाटणीवरून लोक ती पायरी चढतच राहिले. त्यांचे कागद वाचणारा, कैफियत लिहून देणारा, साहेबासमोर त्यांच्या वतीने बोलणारा माणूस एकच होता. अशिलांच्या तोंडून त्याला तालुक्यातले प्रत्येक गाव कळे. कुठल्या गावात कोणती भाऊबंदकी धुमसते आहे, कुठे पाण्याचा तंटा आहे, कुठल्या जमिनी गहाण पडल्या आहेत, हे मामलेदाराच्याही आधी त्याला ठाऊक असे. आणि त्याची चूल सरकारी पगारावर पेटत नव्हती. सरकारच्या तोंडावर बोलायला लागणारी मोकळीक गावात मोजक्याच लोकांना होती, त्यांत तो होता.

या वाटेवरचा पहिला ठळक माणूस म्हणजे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडचे, जन्म 1833. सरकारी नोकरी सोडून ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले, व्यवहारमयूख या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, आणि 1884 मध्ये गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात जाऊन बसले. ती नेमणूक होती, निवडणूक नव्हती. कोकणातल्या मुरुडमध्ये जन्मलेला वकील देशाचे कायदे होतात त्या टेबलाशी बसू शकतो, एवढे मात्र त्यातून लोकांना दिसले.

नंतर 1892 चा कायदा आला. नगरपालिका, लोकल बोर्डे आणि विद्यापीठे यांना कौन्सिलासाठी नावे सुचवण्याचा अधिकार मिळाला, आणि तालुक्याच्या वकिलाला नेमकी हवी ती शिडी सापडली. आधी नगरपालिका, मग बोर्ड, मग मुंबई, मग कलकत्ता किंवा दिल्ली. टिळक 1895 साली मुंबई कौन्सिलात गेले ते याच दाराने. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला, पण अशिलाचे वकीलपत्र घेऊन धंदा कधी केला नाही. त्यांच्या भोवतालची माणसे मात्र कोर्टातून आलेली. न. चिं. केळकर मिरजेचे. साताऱ्यात वकिली मांडून फार दिवस झाले नव्हते तोच 1896 मध्ये टिळकांनी त्यांना पुण्यात बोलावून घेतले. पुढे ते पुण्याच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि 1923 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वऱ्हाडातले नामांकित वकील. 1897 च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि पुढे दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले.

या पिढीत मला सर्वांत जवळचे वाटतात ते लोकनायक बापूजी अणे. माधव श्रीहरी अणे वणीचे, जन्म 1880, वकिली यवतमाळला. 1924 पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात होते, पण त्यांच्या जागेला एक चमत्कारिक कायदेशीर अडचण होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, ब्रिटिशांकडे कायम पट्ट्याने दिलेले. त्यामुळे ते कायद्याच्या अर्थाने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते आणि तिथून थेट सदस्य निवडता येत नव्हता. मग तोड काढली गेली ती अशी: वऱ्हाडात रीतसर निवडणूक घ्यायची, आणि जो निवडून येईल त्याला गव्हर्नर जनरलने नियुक्त करायचे. लोकांनी निवडलेले अणे सरकारी कागदावर नियुक्त म्हणून बसत. असल्या बारकाव्यांत मुरलेला माणूस कायद्याला घाबरत नाही आणि त्याला देवही मानत नाही. 1930 च्या जुलैत याच अण्यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. सरकारी जंगलातून चारा आणल्याबद्दल दंड भरणारे शेतकरी हेच त्यांच्या मुलखातले अशील, त्यामुळे कायदा मोडायला मीठ सोडून त्यांनी गवत का निवडले, हे वेगळे सांगायला नको.

1934 मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते मालवीयांबरोबर काँग्रेसपासून बाजूला झाले. 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. 1943 च्या फेब्रुवारीत गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. वयाच्या 82 व्या वर्षी, 1962 साली, नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेत बसले आणि स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरत राहिले. टिळकांचे चरित्र त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिले. त्या ग्रंथाला त्यांच्या मृत्यूनंतर, 1973 मध्ये, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांचे सगळे निर्णय मला पटतात असे नाही. पण ज्यांच्याशी मतभेद झाले त्यांच्याशी त्यांनी बोलणे तोडले नाही. सकाळी कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहायचे आणि दुपारी बार रूममध्ये एका बाकावर डबा खायचा, हा लहान गावातल्या वकिलांचा रोजचा रिवाज. अणे तो दिल्लीतही पाळत राहिले.

काकासाहेब गाडगीळ त्यांच्या नंतरच्या पिढीचे. जन्म 1896, माळव्यातल्या मल्हारगडचा. शिक्षण आणि कर्मभूमी पुणे. कायद्याची पदवी त्यांनी 1920 मध्ये घेतली. असहकाराच्या ठरावाने वकिलांना कोर्टे सोडायला सांगितली तीही त्याच वर्षी. धंद्याचे दार उघडले तेव्हाच त्या दारावर बहिष्कार आला. गाडगीळ काँग्रेसच्या जिल्हा कमिटीचे काम करू लागले, तुरुंगात गेले, आणि 1934 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. तिथे काँग्रेस पक्षाच्या प्रतोदाचे काम त्यांच्याकडे होते. कोण कधी बोलणार, कोणत्या कलमाला दुरुस्ती सुचवायची, मतदानाच्या वेळी कोण बाहेर चहा पीत बसले आहे, हे सगळे ज्याला पाहावे लागते त्याला सभागृह आतून कळते.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे आली. दामोदर खोरे महामंडळाचे विधेयक त्यांनी मांडले. 1948 चा वीजपुरवठ्याचा कायदाही त्यांच्याच खात्याचा. राज्याराज्यांची वीज मंडळे पुढे त्याच कायद्याखाली उभी राहिली. काश्मीर भारतात सामील झाल्यावर पठाणकोटहून जम्मूकडे धड रस्ता नव्हता. तो घाईने उभा करण्याचे काम त्यांच्या खात्यावर पडले. 1947 च्या नोव्हेंबरात सरदार पटेलांबरोबर ते सोमनाथला गेले आणि देवळाच्या उभारणीचा संकल्प तिथेच जाहीर झाला. या माणसाला आपण पुण्याचे पुढारी एवढ्याच चौकटीत बसवले, हे मला खटकते. आपल्या घरातल्या दिव्याचा कायदा त्यांच्या हातून गेला आहे.

1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते पुण्यात ना. ग. गोरे यांच्याकडून हरले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून संसदेत ते जोराने बोलले होते, पण लोकांचा राग काँग्रेसच्या चिन्हावर होता आणि तो त्यांच्यावर निघाला. पुढच्या वर्षी ते चंडीगडला आले. शहर अजून बांधले जात होते. वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिएने राज्यपालासाठी आखलेला भव्य प्रासाद नेहरूंना लोकशाहीत शोभणारा वाटला नाही आणि तो कधी उभा राहिला नाही. तेव्हाचा पंजाब पानिपतापासून लाहुल-स्पितीपर्यंत पसरलेला. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों, आणि पंजाबी सुभ्याच्या मागणीने वातावरण तापलेले. अकाली नेते मास्टर तारासिंगांनी 1961 मध्ये ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत उपोषण केले ते गाडगीळ राज्यपाल असतानाच. भाषेच्या राज्यासाठी स्वतःच्या गावात निवडणूक हरलेला माणूस दुसऱ्या भाषेच्या राज्याची मागणी राजभवनाच्या खिडकीतून पाहत होता. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 14 जानेवारी 1961 ला पानिपताच्या लढाईला 200 वर्षे झाली, त्या दिवशी पानिपत ज्या राज्यात होते त्याचा राज्यपाल पुण्याचा होता.

तोवर ही वाट बरीच रुंद झाली होती. पहिल्या लोकसभेत साधारण एक तृतीयांश खासदार वकील होते. अमरावतीचे बॅरिस्टर पंजाबराव देशमुख केंद्रात शेतीमंत्री झाले, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून राजापूरचे खासदार होते. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण 1941 मध्ये वकील झाले, 1946 मध्ये मुंबई विधानसभेत गेले, आणि चीनच्या युद्धानंतर नोव्हेंबर 1962 मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढच्या वर्षी नाशिकहून बिनविरोध लोकसभेत आले. 1 सप्टेंबर 1965 ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि दुपारी विमानदल वापरण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा चव्हाणांनी ती काही मिनिटांत दिली. संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. वकिलाला निर्णय घ्यायला वेळ लागतो असे जे म्हणतात त्यांनी ही दुपार आठवावी. ती लढाई ज्या कमांडने लढली तिचेच मुख्यालय आज चंडीमंदिरला आहे.

पण महाराष्ट्रात त्याच सुमाराला दुसरी शिडी उभी राहत होती. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शेतकऱ्याला आता आपले गाऱ्हाणे मांडायला वकिलाकडे जाण्याची गरज उरली नाही. कारखान्याचा अध्यक्ष त्याच्याच गावचा होता आणि त्याच्याकडे उसाचा पैसा, गाड्या, माणसे होती. हे योग्यच झाले, कारण वकिलांची वाट बराच काळ मोजक्या शिकलेल्या घरांचीच होती. मात्र या बदलात एक शिस्तही मागे पडली. समोरच्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून मगच आपले मांडायचे, ही ती शिस्त. वकिलांनी संसदेत वक्तृत्व नेले असे आपण समजतो. माझ्या मते त्यांनी नेलेली मोठी वस्तू हे ऐकून घेणे होते.

शिवराज पाटील या वाटेवर उशिरा आले. चाकूरला 1935 मध्ये जन्म, म्हणजे निजामाच्या राज्यात, जिथे वरच्या कोर्टांचे कामकाज उर्दूत चाले. हैदराबादला विज्ञानाची पदवी, मुंबई विद्यापीठाची कायद्याची पदवी, लातुरात वकिली. 1967 मध्ये ते लातूरचे नगराध्यक्ष झाले. आधी नगरपालिका, मग विधानसभा: शिडी तीच, 1892 ची. विधानसभेत उपमंत्री, मग उपाध्यक्ष, आणि 1978 मध्ये अध्यक्ष. 1980 मध्ये लोकसभेत गेले आणि लातूरने त्यांना सलग सात वेळा पाठवले. केंद्रात राज्यमंत्री म्हणून संरक्षणापासून विज्ञान-तंत्रज्ञानापर्यंत खाती सांभाळली. त्यांचे खरे ठिकाण मात्र 1991 मध्ये सापडले, ते म्हणजे लोकसभेच्या अध्यक्षांचे आसन.

त्यांच्या कारकिर्दीत, 1993 मध्ये, खात्यांशी जोडलेल्या 17 स्थायी समित्या सुरू झाल्या. त्याआधी खात्यांच्या अंदाजपत्रकी मागण्या सभागृहात वेळेअभावी चर्चेविनाच ढिगाने मंजूर होत; समित्यांमुळे निदान काही खासदार बंद दाराआड बसून ओळ न् ओळ वाचू लागले, सचिवांना बोलावून विचारू लागले. प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर दिसू लागला तोही याच काळात.

आणि मग 10 मे 1993. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेसमोर आला. न्यायाधीशाविरुद्ध असा प्रस्ताव संसदेत चर्चेला येण्याची ही पहिलीच वेळ होती. आरोप होते ते त्यांच्या चंडीगडच्या दिवसांतले: पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी निवासस्थानावर आणि सामानसुमानावर केलेला खर्च. चौकशी समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत, म्हणजे तेही मराठी. समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध मानले होते. प्रस्ताव सोमनाथ चटर्जींनी मांडला. रामस्वामींच्या वतीने कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्याशी उभे राहिले आणि त्यांनी कित्येक तास बाजू मांडली.

ते दोन दिवस लोकसभा कोर्ट होती आणि खासदार निवाडा करणारे. पाठीशी उदाहरण एकही नव्हते. खासदार नसलेल्या वकिलाला सभागृहात किती वेळ द्यायचा, मध्येच कुणी उठले तर काय करायचे, हे सगळे आसनावरच्या माणसाने सांभाळायचे होते. लातूरच्या कोर्टात उलटतपासणी केलेल्या वकिलाच्या हाती ते सापडले आणि त्याने दोन्ही बाजू पुऱ्या ऐकवल्या. निकाल काय लागला ते प्रसिद्ध आहे. प्रस्तावाच्या बाजूने 196 मते, विरोधात एकही नाही, आणि 205 सदस्य तटस्थ. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताची अट पुरी झाली नाही आणि प्रस्ताव पडला. त्या तटस्थतेत बहुतेक सत्ताधारी काँग्रेसचे सदस्य होते. सुनावणी चोख होऊनही निवाडा करणाऱ्यांनी हात मागे घेतला, हे त्या दिवसाचे दुःख आहे आणि मला ते आजही बोचते. पण सुनावणीची रीत घालून दिली गेली, ती त्या पराभवाने पुसली गेली नाही.

2004 मध्ये लातुरातच ते रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले, तरी राज्यसभेतून येऊन केंद्रीय गृहमंत्री झाले. या पदावर त्यांची ताकदच उणी पडली. गृहखात्याला दोन्ही बाजू ऐकत बसायला वेळ नसतो. छांबच्या दुपारी चव्हाणांनी दाखवली ती झडप लागते. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला आणि 30 तारखेला त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावर झालेली टीका कडक होती आणि तिचा बराचसा भाग रास्त होता. तेवढ्यावरून त्यांचे अध्यक्षपद मोजणे मात्र मला अन्यायाचे वाटते.

22 जानेवारी 2010 ला ते चंडीगडला आले. 1984 पासून पंजाबचा राज्यपालच शहराचा प्रशासक असतो. शहरावर पंजाब आणि हरियाणा दोघेही हक्क सांगतात, त्यामुळे रस्त्यापासून शाळेपर्यंतच्या प्रश्नांत प्रशासकापुढे दोन पक्षकार कायमचे उभे असतात. अशा खुर्चीवर जुन्या वकिलाला परके वाटले नसावे. ते तिथे असतानाच, ऑगस्ट 2011 मध्ये, कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेत आला. सेन स्वतःच सभागृहाच्या कठड्याशी उभे राहिले, आपली बाजू त्यांनी आपल्याच तोंडाने मांडली आणि सभागृहाने ती शेवटपर्यंत ऐकली. या वेळी प्रस्तावाच्या बाजूने 189 मते पडली आणि तो मंजूर झाला. लोकसभेत चर्चा होण्याआधीच सेन यांनी राजीनामा दिला.